मासळीचा ताप बघणारा

किहीमला नारळीच्या वाडीत एक हॉटेल चार वर्षं चाललं आणि गेल्या उन्हाळ्यात बंद पडलं. तिथे मी माल उतरवून घ्यायच्या कामावर होतो. कागदावर हुद्दा 'भांडारप्रमुख' असा होता. भांडारात माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे प्रमुख नक्की कुणाचा, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. कोळीवाड्यात मात्र मला वेगळंच नाव होतं. रोज सकाळी मी मासळीच्या पोटात थर्मामीटरची सळई खुपसतो हे बघून आम्हाला मासळी पुरवणाऱ्या सुभद्राआक्कांनी ते ठेवलं होतं. "आला डाक्टर, मासळीचा ताप बघाया," असं त्या चारचौघींत मोठ्याने म्हणायच्या.

या अंकाच्या संपादकांनी 'नोकरीतले गमतीचे अनुभव लिहा' असं सांगितलं. गमतीचे एक-दोन आहेत, ते लिहितो. पण मला जे लिहायचं आहे ते गमतीचं नाही. ते गाळून उरलेलं लिहिलं तर नोंद अपुरी राहील, आणि अपुरी नोंद मी आयुष्यात कधी केलेली नाही. चुकीची एक केली. तिच्याबद्दलच हे आहे.

आधी हॉटेल कसलं ते सांगतो. मालक आणि मुख्य स्वयंपाकी एकच, निशांत नावाचा मुंबईचा तरुण. तो सहा वर्षं जपानमध्ये काम करून आलेला. मी त्याला सर म्हणायचो, तो मला काका म्हणायचा. त्याच्याकडे जेवणाचं ताट नव्हतं. बशीएवढ्या लहान लहान प्लेटा असत. एकेका प्लेटीत चार-पाच घास, आणि टेबलावरच्या सगळ्यांनी ते मिळून खायचे. एक संपली की दुसरी मागवायची. चव जपानी वळणाची, पण जिन्नस बहुतेक इथले. सोयाबीन आंबवून करतात तो मिसो लावून भाजलेला बांगडा. तांदळाच्या पातळ पिठात बुडवून तळलेले ओले बोंबील. अलिबागचा पांढरा कांदा व्हिनेगरमध्ये मुरवलेला. आणि ज्यासाठी लोक मुंबईहून बोटीने येत ती कच्ची सुरमई, कागदाइतकी पातळ कापलेली, सोया सॉसमध्ये आमसूल भिजवून केलेल्या पाण्याबरोबर.

प्लेटीत तुकडे पाच असत. मी सरांना सुरुवातीलाच विचारलं होतं की टेबलावर बहुतेक चौघं बसतात, मग तुकडे चार का नाहीत? ते म्हणाले, "काका, जपानमध्ये चार आकडा अशुभ. वाढताना टाळतात."

"मग तीन ठेवा."

"ठेवले असते. पण माझी आजी म्हणते तीन तिगाडा, काम बिगाडा."

म्हणून पाच. दोन देशांच्या अपशकुनांतून वाचलेला आकडा. पाचव्या तुकड्यावरून टेबलावर काय काय होतं ते वाढपी मुलींकडून ऐकण्यासारखं असे.

आता माझं काम. कच्ची मासळी म्हटलं की लोकांना वाटतं, समुद्रातून काढली, कापली आणि वाढली. तसं नसतं. मासळीत बारीक जंत असू शकतात. शिजवताना ते मरतात, इथे शिजवायचं नसतं. म्हणून कच्ची खायची मासळी आधी उणे वीस अंशांवर सात दिवस गोठवून ठेवायची आणि मगच काढायची. आमच्याकडे त्यासाठी वेगळं कपाट होतं. मुंबईचे पाहुणे "आजचीच आहे ना?" असं विचारत. खरं उत्तर 'आठ दिवसांपूर्वीची' असं होतं. मी ते देऊ नये असं मला सांगण्यात आलं होतं, म्हणून मी टेबलांकडे जातच नसे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बांगडा, सुरमई, कुपा या जातींच्या मासळीला पकडल्यानंतर ऊब मिळाली की तिच्यात एक विष तयार होतं. त्याला वास नाही, चव नाही. नंतर गोठवा, तळा, उकळा, ते जात नाही. खाणाऱ्याचं अंग लाल होतं, डोकं ठणकतं, कधी दवाखान्यात न्यावं लागतं. त्यावर उपाय एकच, होडीपासून आमच्या दारापर्यंत मासळी बर्फात राहिली पाहिजे. आमची मर्यादा पाच अंश होती. सळई पोटात घालायची, काटा स्थिर होईपर्यंत थांबायचं आणि आकडा वहीत लिहायचा. पाचच्या आत असेल तर माल घ्यायचा, वर असेल तर परत पाठवायचा. एका महिन्यात तीनदा माल परत गेला तर त्या पुरवठादाराचा माल बंद. हा शेवटचा नियम सरांनी केलेला नाही, मी केला. त्याआधी एका कारखान्याच्या भांडारात मी एकवीस वर्षं काढली होती. तिथे असाच नियम होता आणि तो मला नेहमी न्याय्य वाटत आला होता.

पहिल्या हंगामात तीन पुरवठादार होते. वर्षाअखेर एकच उरला, सुभद्राआक्का.

आक्का तेव्हा साठीच्या असतील. नवऱ्यामागे होडी त्यांनीच चालवली, म्हणजे होडीवर माणसं ठेवली आणि किनाऱ्यावरचं सगळं स्वतः पाहिलं. मासळी पारखायची त्यांची रीत म्हणजे कल्ला उघडून रंग बघायचा, अंगठ्याने पाठीवर दाबायचं, खळगा भरून आला की झालं. वजनाचा काटासुद्धा त्यांना परका. बाजारात त्या वाटे लावून विकायच्या. वाटा म्हणजे मासळीचा ढीग. तो बघायचा, पटला तर उचलायचा. त्यामुळे माझी सळई त्यांना पहिल्या दिवसापासून खुपली.

"अरं, कल्ला बघ की. जास्वंदीसारखा लाल हाय."

"आक्का, कल्ला लाल आहे. पण काटा साडेआठ दाखवतोय."

"काट्याला काय ठावं? काटा कधी समिंदरावर गेलता?"

तो माल मी परत पाठवला. चैत्राचं ऊन होतं, त्यांच्या पेटीतला बर्फ वितळून नुसतं पाणी राहिलं होतं, आणि आकडा खरा होता. त्या दिवशीच्या आकड्याबद्दल मला आजही शंका नाही. पण त्यांचा चेहरा बघवला नाही म्हणून मी त्यांना एक युक्ती सांगितली. मी मिठागरवाल्यांच्या घरातला. माझे वडील पेणकडच्या मिठागरात राबले. बर्फात जाडं मीठ टाकलं की बर्फ आणखी थंड होतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मी म्हटलं, "बर्फाच्या प्रत्येक थरावर मूठभर मीठ टाका. बघा मग."

"मासळीवर मीठ? खारवायची हाय का?"

"मासळीवर नाही. बर्फावर. मासळी पिशवीत राहील."

मी पेणच्या चुलत भावाकडून एक गोण मीठ आणून दिलं. पुढच्या आठवड्यात काट्याने दीड दाखवला. त्यानंतर अडीच वर्षांत त्यांचा आकडा तीनच्या वर कधी गेला नाही. वही माझ्याकडे आहे.

या आकड्यांवर सर खूश होते. त्यांनी आक्कांना आणि त्यांच्या मुलाला, हरेशला, एका दुपारी जेवायला बोलावलं. हरेश तेव्हा उरणकडे कंटेनरच्या यार्डात नोकरीला होता, रजेच्या दिवशी आला. आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, अंबाड्यावर वेणी माळून आल्या आणि खुर्चीच्या टोकावर बसल्या. सुरमईची प्लेट समोर आली. हरेशने तोंड वाकडं केलं. "आये, कच्ची हाय."

"कोणाची हाय?" आक्कांनी मला विचारलं.

मी वही बघून सांगितलं, "तुमचीच. मागल्या आठवड्यातल्या मंगळवारची."

"मग खाते," म्हणाल्या आणि पहिला तुकडा तोंडात टाकला. बराच वेळ चावत होत्या. मग म्हणाल्या, "लोण्यासारखी लागते. पन एवढूशी का देता? माणूस उपाशी मरंल." पाचवा तुकडा त्यांनी हरेशला दिला.

हॉटेलच्या दारात एक काळा फळा होता. त्या दिवशी सरांनी त्यावर खडूने लिहिलं, 'आजची सुरमई : सुभद्राआक्कांच्या होडीची.' हरेशने मोबाइलवर त्याचा फोटो काढून स्टेटसला ठेवला. तो फोटो कोळीवाड्यात घरोघरी पोचला. आक्का बाजारात बसल्या की गिऱ्हाईक म्हणे, "हॉटेलात नाव लागलंय ती आक्का हीच ना?" त्याच वर्षी पावसाळ्यानंतर हरेशने यार्डातली नोकरी सोडली आणि होडीवर आला. आक्का मला मुद्दाम सांगायला आल्या. "डाक्टर, पोरगा घरी आला. तुमच्या फळ्याने आला." मी म्हटलं, फळ्याने नाही, तुमच्या आकड्यांनी. मला तेव्हा माझंच हे बोलणं फार आवडलं होतं.

एक गमतीचा अनुभव सांगायचं कबूल केलं आहे, तो इथेच सांगतो, कारण तोही आक्कांशी जोडलेला आहे. पालीकडच्या एका भातशेतीच्या गावातलं कुटुंब आलं होतं. नऊ माणसं. नातवाला नोकरी लागली होती, त्याची जेवणावळ. बरोबर पागोट्यातले आजोबा. प्रत्येकाला एक याप्रमाणे त्यांनी सुरमईच्या नऊ प्लेटा मागवल्या, माणशी एक ताट समजून. आजोबांनी प्लेट बघितली आणि वाढपी मुलीला हाक मारली. "पोरी, हे तळायचं राहिलंय."

मुलगी मणिपूरची. तिला काही कळेना, म्हणून तिने मला बोलावलं. मी म्हटलं, "आबा, ही कच्चीच खातात."

"कोन खातं?"

"जपानी लोक."

"मग त्यांना द्या. आमी पालीचे."

सरांनी नऊच्या नऊ प्लेटा आत नेल्या, तुकडे रव्यात घोळवून तळून आणले. आबा भात हवा म्हणाले. आमच्याकडे भात म्हणजे व्हिनेगर लावलेले लहान गोळे. आबा म्हणाले, "आंबलाय." पण अकरा गोळे खाल्ले, मी मोजले. उठताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "मासळी मात्र चोख हाय हां. कच्ची होती तवा नाकाला लावून बघितली, वास म्हून नाय. कोनाची?" मी आक्कांचं नाव सांगितलं. "तिला सांगा, पालीच्या म्हाताऱ्याने नाव काढलंन." दुसऱ्या दिवशी मी निरोप दिला. आक्का पदराने तोंड पुसत नुसत्या हसल्या.

गंमत इथे संपली.

तिसऱ्या वर्षीचा ऑक्टोबर. दर महिन्याच्या एक तारखेला मी थर्मामीटर तपासत असे. त्याची रीत सोपी आहे. ग्लासभर बर्फाचा चुरा घ्यायचा, त्यात थोडं पाणी घालायचं, सळई बुडवायची. वितळत्या बर्फाचं तापमान शून्य असतं, ते कुणाच्या बापालाही बदलता येत नाही. काटा शून्यावर नसेल तर तबकडीखाली एक नट असतो, तो पान्याने फिरवून काटा शून्यावर आणायचा. पाच मिनिटांचं काम.

त्या एक तारखेला आमचं बर्फाचं यंत्र बंद होतं. दोन दिवस दुरुस्तीवाला आला नव्हता. मला तपासणी पुढे ढकलता आली असती. पण एक तारखेची नोंद दोन तारखेला करणं माझ्या स्वभावात नाही. तेवढ्यात आक्कांची मासळी आली. मी नेहमीप्रमाणे आकडा घेतला, दोन. माल उतरवला आणि रिकाम्या होत असलेल्या त्यांच्या पेटीतून ग्लासभर बर्फ मागून घेतला. "घे की," त्या म्हणाल्या, "बर्फाला काय विचारतोस?"

काटा उणे चारवर गेला. मला वाटलं, काटा चार अंशांनी खाली दाखवतोय. म्हणजे इतके दिवस आपण खरी सहा अंशांची मासळी दोनची म्हणून घेत होतो की काय? मी नट फिरवून काटा शून्यावर आणला. वहीत लिहिलं. त्या बर्फात मीठ होतं. त्या पेटीत मीठ टाकायला मीच शिकवलं होतं, मीठ माझ्याच घरचं होतं आणि मिठाने बर्फ शून्याच्या खाली जातो हे मला अक्षरओळख व्हायच्या आधीपासून माहीत होतं. तरी त्या क्षणी ते माझ्या डोक्यात आलं नाही. कारण विचारलं तर आजही सांगता येत नाही. काट्याकडे बघत होतो, ग्लासाकडे बघितलं नाही, एवढंच.

तीन तारखेला आक्कांची सुरमई सहा अंश निघाली. परत पाठवली. पाच तारखेला साडेसहा. परत. ऑक्टोबरची काहिली होती, उन्हाचा परिणाम असणार असं मी धरून चाललो. हरेश म्हणाला, "काका, बर्फ दुप्पट टाकलाय. मीठबी टाकलंय." मी म्हटलं, "मग वाटेत पेटी उघडली असेल." तो पेटीचं झाकण उघडून-लावून बघत राहिला. दुसरा एक डिजिटल थर्मामीटर कपाटात होता. त्याची बॅटरी संपली होती. ती अलिबागेत कुठल्याही दुकानात मिळते. मी आणली नाही.

आठ तारखेला आक्का स्वतः पेटीबरोबर आल्या. मी सळई घातली. काटा सहावर थांबला.

"आक्का, सहा."

"परत बघ."

परत बघितलं. दुसऱ्या मासळीत बघितलं. सहा.

त्यांनी पेटीचं झाकण पूर्ण उघडलं. "हात घाल," म्हणाल्या.

"हाताचं काय आक्का, आकडा..."

"हात घाल तू. मी सांगते म्हून घाल."

मी कोपरापर्यंत हात घातला. दहा-बारा सेकंदांत बोटं बधिर झाली. बाहेर काढली तेव्हा लाल झाली होती, चुरचुरत होती. आक्का माझ्याकडे बघत होत्या. "काय म्हनतो हात?"

मी टॉवेलला हात पुसला आणि वहीत सहा लिहिलं. खाली लिहिलं, 'महिन्यातील तिसरा परत माल.' नियम मीच केलेला होता. आक्का फळ्याजवळ थांबल्या नाहीत, सरळ पेटी उचलायला लावून गेल्या. दुपारी सरांनी ओल्या फडक्याने फळा पुसायला सांगितलं. पुसला मीच. खडू जुना होता, नाव दोन-तीन वेळा घासावं लागलं.

लहान गावात मासळी परत गेल्याची बातमी मासळीआधी बाजारात पोचते. बाजारात त्यांच्यापुढे वाटे पडून राहू लागले हे मला माझ्या बायकोने, वंदनाने सांगितलं. बायका म्हणत, हॉटेलवाल्यांनी परत लावलेली मासळी आपण का न्यावी? दिवाळीनंतर हरेश पुन्हा यार्डात रुजू झाला. होडी मुरुडच्या एका माणसाला देऊन टाकली.

सरांनी मुंबईच्या एका कंपनीचा माल सुरू केला. तो बंद गाडीतून, बर्फाच्या खोक्यांत येई, आणि प्रत्येक खोक्यात तापमान नोंदवणारं एक छोटं यंत्र असे. आधीची खोकी माझ्या काट्यावर पाचच्या आत बसली होती. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एक खोकं आलं. माझ्या काट्याने साडेपाच दाखवले. मी माल परत म्हणालो. गाडीबरोबरचा माणूस हसला. "साहेब, यंत्र दीड दाखवतंय. तुमचा काटा बघा एकदा."

आमचं बर्फाचं यंत्र आता चालू होतं. त्याचा बर्फ घेतला, नळाचं पाणी घातलं, सळई बुडवली. काटा चारवर थांबला. वितळत्या बर्फात चार. मी ग्लास टेबलावर ठेवला आणि वही मागे चाळली. एक ऑक्टोबरची नोंद माझ्याच अक्षरात होती. 'काटा उणे चार. दुरुस्त केला. बर्फ : सुभद्राआक्कांच्या पेटीतला.' मी सगळं लिहितो. ते सुटलं नव्हतं.

मग मी प्रत्येक आकड्यातून चार वजा करत गेलो. दोन. अडीच. दोन.

त्याच दिवशी सरांना सांगितलं. नोव्हेंबरची तपासणी इतके दिवस का राहिली तेही सांगितलं. एक तारखेला लक्ष्मीपूजनाची गर्दी होती आणि पहिल्यांदाच मी ती पुढे ढकलली होती. ते ऐकून घेताना कांदा कापत होते. "काका, होतं असं," म्हणाले. "इतकं मनाला लावून घेऊ नका."

"आक्कांचा माल परत सुरू करू या."

"या सीझनला कंपनीशी शब्द झालाय. पुढच्या वर्षी बघू."

"निदान फळ्यावर..."

"मासळी त्यांची नाही, तर नाव कसं लिहू? तुम्हीच सांगा. तुम्ही खोटं लिहाल का?"

माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, मी नोकरीत राहिलो. आणि आक्कांकडे गेलो नाही. आज जातो, रविवारी जातो, असं करत नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. बाजाराच्या त्या बाजूला जाणंच मी सोडलं. वंदना म्हणाली, "हल्ली मासळी आणत नाही तुम्ही." मी म्हटलं, हॉटेलात बघून बघून कंटाळा आलाय. हे खोटं होतं.

होळी झाल्यावर एका सकाळी गेलो. आक्का त्यांच्या जागेवर बसल्या होत्या. पुढे बांगड्याचे चार वाटे आणि बाजूला लहानशी थर्माकोलची पेटी.

"काय डाक्टर. इकडं कुठं?"

मी विचारलं, "कुठली मासळी?" का विचारलं कोण जाणे, होडी गेल्याचं मला ठाऊक होतं.

"लिलावातली. आता आपली कुठली?"

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ग्लास, मीठ, नट. सांगून झाल्यावर आक्का म्हणाल्या, "म्हंजी मासळी चांगली होती."

"चांगली होती. तिन्ही दिवस."

"मला ठावं होतं. मला कशाला सांगतोस?" त्यांनी हाताने ओळीत बसलेल्या बाकीच्या बायका दाखवल्या. "यांना सांग."

मी चारचौघांत मोठ्याने कधी बोललेलो नाही. पण बोललो. म्हटलं, ऑक्टोबरात हॉटेलने आक्कांची मासळी परत पाठवली ती खराब नव्हती, माझा काटा चुकीचा होता, चूक माझी. मग पलीकडची एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी डाक्टरलाच ताप आलता म्हन!" सगळी ओळ हसली. आक्का हसल्या नाहीत.

दुसरी एक तरुण बाई म्हणाली, "मग आता घेता का तिची मासळी परत?"

"नाही," मी म्हटलं. "माझ्या हातात नाही ते."

"मग सांगून काय उपेग?"

तिला उत्तर आक्कांनी दिलं. "उपेग नसंना. माणूस पाच म्हैन्यांनी तरी आला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हरेशला फोनवर सांगंन. त्याला वाटतं, वाटेत पेटी त्यानेच कुठंतरी उघडी ठेवली. तू म्हनला होतास ना तसं. रोज आठवत बसतो, कुठं उघडली म्हून."

हे मला माहीत नव्हतं. कुठल्याही वहीत ते येणार नव्हतं.

मी एक वाटा मागितला. त्यांनी पैसे रोजचेच घेतले, एक बांगडा वर टाकला नाही की कमी केला नाही. पिशवीत मासळी घातली, वर पेटीतला बर्फ घातला. पेटीचं झाकण लावण्यापूर्वी त्यांनी शेजारच्या डब्यात हात घातला आणि उरलेल्या बर्फावर मूठभर जाडं मीठ टाकलं. माझ्याकडे बघून नाही, सवयीने.

दोन महिन्यांनी हॉटेल बंद झालं. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांवर बाकीचे पाच दिवस निघत नव्हते. सर आता गोव्याला असतात. फळा तिथेच भिंतीला टेकवून ठेवलेला आहे.

आक्कांकडून आलो त्या दिवशी घरी पिशवी ओट्यावर ठेवली तेव्हा वंदनाने विचारलं, "किती आणलेत?"

"एक वाटा."

"वाटा म्हणजे किती किलो? तुम्ही वजन न करता आणलंत?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. "ताजी तरी आहे ना? लावून बघा तुमचा तो काटा."

काटा सदऱ्याच्या खिशातच होता. मी तो काढला नाही. पिशवीत मनगटापर्यंत हात घातला आणि तसाच धरून उभा राहिलो. बोटं बधिर व्हायला लागली, मग दुखायला लागली.

"अहो, काय करताय?"

"बघतोय," मी म्हटलं. "चांगली आहे."